खिशातल्या कॅमेऱ्याला बाहेरचा व्ह्यूफाइंडर घेताना

भर दुपारी कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याच्या स्क्रीनकडे पाहून फोटो काढायला गेलं की त्या काचेत आधी आपलाच शर्ट दिसतो. ब्राइटनेस पूर्ण वाढवला तरी फारसा फरक पडत नाही. उघड्यावरच्या उन्हाचा उजेड १ लाख लक्सच्या घरात जातो, त्याच्यापुढे स्क्रीनचा स्वतःचा उजेड टिकाव धरत नाही. मग अंदाजाने बटण दाबलं जातं आणि घरी आल्यावर कळतं की कोणाचे पाय कापले गेलेत, कुठे क्षितिज कललंय. चाळिशी लागलेल्यांना तर ऊन नसलं तरी हा त्रास आहेच. हातभर अंतरावरची स्क्रीन धूसर दिसते, आणि वाचायचा चष्मा शोधून डोळ्यांवर चढवेपर्यंत समोरचा प्रसंग निघून गेलेला असतो.

यावर जुना आणि चांगला उपाय म्हणजे बाहेरचा व्ह्यूफाइंडर, डोळा लावून फोटोची चौकट पाहायची छोटी खिडकी. कॅमेऱ्याच्या डोक्यावर जी धातूची खाच असते, हॉट शू, तिच्यात सरकवून बसवायचा आणि डोळा लावून पाहायचं. आज आपण या खाचेला फ्लॅशची जागा समजतो, पण १९२५ साली लायकाचा पहिला कॅमेरा बाजारात आला तेव्हा तिच्यात अंतर मोजायचं उपकरण बसवत. पुढे १९३० मध्ये लेन्स बदलता येऊ लागल्या. अंगचा व्ह्यूफाइंडर ५० मिलिमीटर लेन्सपुरताच होता, म्हणून ३५ मिलिमीटरची, म्हणजे जास्त रुंद दृश्य घेणारी लेन्स लावली की तिच्या मापाचा वेगळा व्ह्यूफाइंडर या खाचेत यायचा. फ्लॅशचा विजेचा संपर्क तिथे त्यानंतर खूप वर्षांनी आला.

बाजारात दोन जातीचे व्ह्यूफाइंडर मिळतात: ऑप्टिकल, म्हणजे नुसत्या भिंगांचा, आणि इलेक्ट्रॉनिक, म्हणजे आत छोटी स्क्रीन असलेला. पहिला फक्त चौकट कुठून कुठपर्यंत आहे ते सांगतो. दुसरा फोटो कसा येईल ते दाखवतो. यातलं आपल्याला काय हवंय ते आधी ठरवलं नाही, तर पैसे खर्च होतात आणि व्ह्यूफाइंडर ड्रॉवरमध्ये पडून राहतो. माझं स्वतःचं मत आधीच सांगून टाकतो: कॅमेऱ्याची लेन्स एकाच फोकल लेंग्थची, म्हणजे एकाच ठरावीक मिलिमीटरची असेल तर ऑप्टिकल घ्या, झूम असेल तर ऑप्टिकलच्या वाटेला जाऊ नका. आता असं का, ते नीट पाहू.

पुठ्ठ्याच्या खिडकीतून

उदाहरणासाठी रिको जीआर थ्री घेऊ. २०१९ साली आलेला हा कॅमेरा बॅटरीसकट जेमतेम २५७ ग्रॅमचा, शर्टाच्या खिशात मावणारा, आणि आतला चित्र टिपणारा सेन्सर मात्र मोठ्या डीएसएलआरमध्ये असतो तसा एपीएस-सी मापाचा. लेन्स १८.३ मिलिमीटरची, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशोबात २८ मिलिमीटर. २०२१ मध्ये याचाच भाऊ आला, जीआर थ्रीएक्स, त्याची लेन्स त्याच हिशोबात ४० मिलिमीटर. दोघांनाही झूम नाही आणि दोघांनाही व्ह्यूफाइंडर नाही.

२८ मिलिमीटर म्हणजे नेमकं किती दिसतं, हे कळायला एक पुठ्ठा घ्या. त्यात ७२ मिलिमीटर रुंद आणि ४८ मिलिमीटर उंच अशी खिडकी कापा. पट्टीने मोजून ती डोळ्यापासून ५६ मिलिमीटरवर धरा आणि एक डोळा मिटून पाहा. खिडकीत जेवढं दिसतंय तेवढंच २८ मिलिमीटरच्या फोटोत येतं. हाच पुठ्ठा ८० मिलिमीटरवर नेला की ४० मिलिमीटरची चौकट मिळते. हिशोब साधा आहे: फिल्मची चौकट ३६ बाय २४ मिलिमीटरची, आणि लेन्स तिच्यापासून फोकल लेंग्थएवढ्या अंतरावर. आपण सगळी मापं दुप्पट केली, एवढंच. तारेच्या चौकटीचे जुने स्पोर्ट्स फाइंडर याच तत्त्वावर चालायचे, आणि त्यात काही बिघडायलाच नव्हतं.

फक्त पुठ्ठा डोळ्यापासून नेहमी तेवढ्याच अंतरावर राहिला पाहिजे, शिवाय इतक्या जवळची कड डोळ्याला अस्पष्ट दिसते. म्हणून भिंगं आली. बहुतेक ऑप्टिकल व्ह्यूफाइंडर म्हणजे गॅलिलिओच्या दुर्बिणीची उलटी बाजू असते. पुढे अंतर्गोल भिंग, मागे डोळ्याकडे बहिर्गोल भिंग. दृश्य थोडं लहान होऊन दिसतं, पण रुंद कोन सगळाच्या सगळा एका नजरेत मावतो.

स्वस्त आणि चिमुकल्या फाइंडरमध्ये एवढंच असतं. त्यात पुढच्या भिंगाची कड हीच चौकट. डोळा किंचित डावीकडे गेला की उजवीकडचं थोडं जास्त दिसतं, म्हणजे चौकट डोळ्याबरोबर सरकते. त्याच्या वरच्या पायरीवर ब्राइटलाइन फाइंडर. यात डोळ्याजवळ एक चौकट छापलेली असते आणि तिचं प्रतिबिंब आतल्या अर्धपारदर्शक, वक्र पृष्ठभागावरून परत डोळ्यात येतं. त्यामुळे समोरच्या दृश्यावर लांबवर पांढऱ्या उजळ रेषा तरंगल्यासारख्या दिसतात आणि डोळा थोडा हलला तरी त्या जागच्या हलत नाहीत. शिवाय रेषांच्या बाहेरचंही दिसतं. रस्त्यावर फोटो काढणाऱ्याला हा फार मोठा फायदा आहे: चौकटीत शिरायच्या आधीच सायकलवाला दिसतो आणि बोट शटरवर तयार राहतं. माझ्या मते ब्राइटलाइनसाठी जास्तीचे पैसे मोजावेत. फक्त संध्याकाळी, अंधुक उजेडात या रेषा फिक्या पडतात, हे लक्षात असू द्या.

रिकोने स्वतःच्या कॅमेऱ्यांसाठी फाइंडर काढलेत: २८ मिलिमीटरचा छोटा जीव्ही-२ आणि ४० मिलिमीटरचा जीव्ही-३. जपानची कोसिना कंपनी फॉइग्टलँडर या नावाने वेगवेगळ्या मापांचे फाइंडर काढत आलीय आणि त्यातले बरेच आज सेकंडहँड मिळतात. ऑप्टिकल फाइंडरला वीज लागत नाही, कॅमेऱ्याशी त्याचं काही बोलणं नसतं, त्यामुळे कोणत्याही कंपनीचा फाइंडर कोणत्याही कॅमेऱ्याच्या हॉट शूवर चालतो. १९५०च्या दशकातला लायकाचा फाइंडर आजच्या जीआरवर बिनतक्रार बसतो. मापं जुळली की झालं.

मापं जुळवताना एक बारकावा सुटतो. जवळपास सगळे फाइंडर ३:२ चौकटीचे असतात, फिल्मच्या मापाचे. जीआरचा सेन्सरही ३:२ आहे, म्हणून तिथे प्रश्न येत नाही. पण बऱ्याच कॉम्पॅक्टचा सेन्सर ४:३ असतो. '२८ मिलिमीटरच्या तोडीची लेन्स' हे कंपन्या साधारणपणे कर्णावरून ठरवतात, त्यामुळे ४:३ च्या फोटोत रुंदी फाइंडरपेक्षा साधारण ४ टक्के कमी आणि उंची ८ टक्के जास्त येते. ३:२ वर फोटो काढायची सोय मेनूत असेल तर ती लावून टाका.

झूमच्या कॅमेऱ्यावर २८ चा फाइंडर लावला आणि लेन्स चुकून ३३ वर सरकली, तर फाइंडरला त्याची खबर नसते. तुम्ही पाहता एक आणि येतं दुसरंच. दोन-तीन फोकल लेंग्थ असलेले फिरते फाइंडरही मिळतात, जुने रशियन तर २८, ३५, ५०, ८५ आणि १३५ अशा पाच भिंगांचे असायचे. पण प्रत्येक वेळी लेन्स आणि फाइंडर दोन्ही हाताने जुळवायचे, तर खिशातल्या कॅमेऱ्याचा चटपटीतपणा उरतो कुठे?

डोक्यावर चार बोटं

फाइंडर लेन्सच्या वर बसतो, म्हणजे दोघांच्या नजरा वेगळ्या उंचीवरून जातात. याला पॅरलॅक्स म्हणतात आणि याची लोकांना विनाकारण भीती वाटते. आकडे पाहिले की भीती जाते.

जीआरची उंची सहा सेंटिमीटरच्या आसपास आहे. लेन्सच्या मध्यापासून फाइंडरच्या मध्यापर्यंतचं अंतर साधारण ५ सेंटिमीटर धरू. दोन्ही नजरा समांतर असतील तर समोरचं दृश्य १ मीटरवर असो की १०० मीटरवर, फाइंडरला दिसणाऱ्या चौकटीतल्या वरच्या ५ सेंटिमीटरला कात्री लागते आणि खाली तेवढंच जास्त येतं. हे अंतर कधीच बदलत नाही, बदलतं ते चौकटीशी त्याचं प्रमाण. २८ मिलिमीटरच्या चौकटीत १ मीटरवर सुमारे ८६ सेंटिमीटर उंची मावते, त्यात ५ सेंटिमीटर म्हणजे ६ टक्के. ३ मीटरवर अडीच मीटरहून जास्त उंची मावते, तिथे फरक २ टक्क्यांवर येतो. १० मीटरवर तो कोणाच्या लक्षातही येणार नाही. ४० मिलिमीटरची चौकट अरुंद असल्याने तिथे हाच फरक १ मीटरवर ८ टक्क्यांपर्यंत जातो.

म्हणून नियम एवढाच: जवळच्या माणसाचा फोटो काढताना फाइंडरमध्ये त्याच्या डोक्यावर चार बोटं जागा सोडा. चार बोटं म्हणजे त्या माणसाच्या डोक्यापाशी मोजलेली, सहासात सेंटिमीटर. तेवढ्यात काम होतं. कॅमेरा उभा धरलात की हीच चूक आडवी होते, एका बाजूचा खांदा कापला जातो. हाताने कॅमेरा वळवला की फाइंडर ज्या बाजूला जाईल, त्या बाजूला जागा जास्त ठेवायची. काही फाइंडर मुद्दाम किंचित खाली झुकवलेले असतात, म्हणजे मधल्या अंतरावर चौकट बरोबर जुळावी. लायकाच्या काही जुन्या फाइंडरना अंतराप्रमाणे झुकाव बदलायचा खटकाही होता. अर्ध्या मीटरच्या आतले फोटो, पानाफुलांचे, ताटातल्या पदार्थाचे, मात्र सरळ स्क्रीनवर पाहूनच काढा. तिथे ऑप्टिकल फाइंडरचा उपयोग नाही.

पॅरलॅक्सपेक्षा खरी अडचण फोकसची आहे, आणि विकत घेण्याआधी फार थोडे लोक तिचा विचार करतात. ऑप्टिकल फाइंडरमध्ये फोकस कुठे लागला ते दिसत नाही. समोरचं सगळंच स्पष्ट दिसत असतं. फोटोत मात्र मागची भिंत तीक्ष्ण आणि माणूस धूसर निघू शकतो. फोकसचा बिंदू मध्यावर कायम ठेवणं आणि फोकस लागल्याची बीप चालू करणं हा एक मार्ग. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो: फोकस आधीच ठरवून ठेवायचा. जीआरमध्ये त्याला स्नॅप म्हणतात. अंतर २.५ मीटर आणि लेन्सचं उजेड आत घेणारं छिद्र एफ/८ एवढं बारीक असं लावून ठेवलं तर या लेन्सला अंदाजे सव्वा मीटरपासून थेट लांबपर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. आता कॅमेरा फोकस शोधत बसत नाही. डोळ्याला लावा, चौकट पाहा, दाबा. चांगल्या उन्हात एफ/८ ला उजेडाची ददात नसते. ज्या उन्हाने स्क्रीन निकामी केली, तेच इथे कामाला येतं. शिवाय मागची स्क्रीन बंद ठेवता येते, आणि जीआर थ्रीची बॅटरी कंपनीच्याच हिशोबाने एका चार्जिंगमध्ये २०० फोटोंच्या आसपास चालते, तेव्हा वाचलेली प्रत्येक मिनिटाची वीज मोलाची आहे.

ही पद्धत अंगवळणी पडायला वेळ लागतो. ज्यांना प्रत्येक फोटो काढण्याआधी उजेड-अंधार, रंग, फोकस सगळं डोळ्यांनी तपासायचं आहे, त्यांना ऑप्टिकल फाइंडर सुख देणार नाही. त्यांनी पुढचं वाचावं.

छोटी स्क्रीन, डोळ्याला लावून

इलेक्ट्रॉनिक फाइंडर सेन्सरवर पडलेलंच चित्र दाखवतो. म्हणून पॅरलॅक्स शून्य, झूम चालतो, फोकस दिसतो, उजळ भाग पांढराफटक होऊन जातोय का ते दिसतं. रिकोनेच २००७ साली जीएक्स१०० या झूमच्या कॅमेऱ्यासाठी काढता-घालता येणारा असा फाइंडर दिला होता. ऑलिंपसचा २००९ चा व्हीएफ-२ १४.४ लाख डॉट्सचा, आणि वर ९० अंश उचलता येणारा, म्हणजे कॅमेरा कमरेशी धरून वरून वाकून पाहता यायचं. डॉट्सच्या आकड्याने भारावून जायचं कारण नाही. लाल, हिरवा, निळा असे तीन ठिपके मिळून एक पिक्सेल होतो, तेव्हा १४.४ लाख डॉट्स म्हणजे ८०० बाय ६०० पिक्सेलची स्क्रीन. पुढे सोनीचा एफडीए-ईव्ही१एमके, कॅननचा ईव्हीएफ-डीसी१ असे २३.६ लाखांचे फाइंडर आले, म्हणजे १०२४ बाय ७६८. व्हीएफ-२ च्याच काळात पॅनासोनिकचा एक फाइंडर जेमतेम २ लाख डॉट्सचा होता. तसला आज कितीही स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये, त्यात माणसाचं तोंड ओळखण्यापलीकडे काही होत नाही.

इथे खरेदीत फसायला होतं ते जोडणीवरून. ऑप्टिकल कुठेही बसतो, इलेक्ट्रॉनिक फक्त त्याच्याच कॅमेऱ्यावर बसतो. प्रत्येक कंपनीची जोडणी वेगळी, कधी एकाच कंपनीतही पिढीगणिक वेगळी. पॅनासोनिकच्या एलएक्स५ ला एलव्हीएफ१ लागतो आणि एलएक्स७ ला एलव्हीएफ२. सोनीचा ईव्ही१एमके आरएक्स१ आणि आरएक्स१०० मार्क टू वर चालतो, पण मूळ आरएक्स१०० ला खाचच नाही, आणि मार्क थ्रीमध्ये फाइंडर आतच असल्याने त्यालाही खाच नाही. ऑलिंपसचा व्हीएफ-२ मात्र लायकाच्या एक्स२ वरही चालतो, कारण त्या कॅमेऱ्यासाठी लायकाने विकलेला फाइंडर मुळात ऑलिंपसचाच होता. तेव्हा 'सोनीचा आहे, बसेल' यावर विसंबू नका. कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत फाइंडरचं मॉडेल नंबरासकट शोधा. आणि जीआर थ्रीवाल्यांनी इलेक्ट्रॉनिकची आशा सोडावी, रिकोने त्याच्यासाठी तसा फाइंडर काढलेलाच नाही.

हे बहुतेक फाइंडर आता बनत नाहीत. जुन्या कॅमेऱ्यासाठी जुना फाइंडर शोधून चढ्या भावाने घेण्यापेक्षा तो कॅमेरा विकून अंगचा फाइंडर असलेला घेणं पुष्कळदा शहाणपणाचं ठरतं. आरएक्स१०० मार्क थ्री २०१४ चा आहे आणि त्याचा फाइंडर वर उडी मारून येतो. फुजिफिल्मच्या एक्स१०० मालिकेत तर ऑप्टिकल आणि इलेक्ट्रॉनिक दोन्ही एकाच खिडकीत आहेत, आणि फोकस लागला की ऑप्टिकलमधली उजळ चौकट पॅरलॅक्सप्रमाणे स्वतःहून सरकते.

चष्मा असेल तर

चष्मेवाल्यांनी बाकी सगळे निकष बाजूला ठेवून आधी हे पाहावं. चष्मा लावला की डोळा भिंगापासून दीड-दोन सेंटिमीटर मागे जातो. कित्येक फाइंडरमध्ये तिथून चौकटीचे कोपरेच दिसत नाहीत, डोळा इकडेतिकडे फिरवावा लागतो. दुकानात असाल तर आपल्या नेहमीच्या चष्म्यासकट डोळा लावा आणि चारही कोपरे एकदम दिसतात का, एवढंच तपासा. दिसत नसतील तर तो फाइंडर तुमच्यासाठी नाही, मग नाव कितीही मोठं असो. रुंद कोनाच्या फाइंडरमध्ये हा त्रास जास्त, ४० आणि ५० मध्ये कमी. ५० च्या काही फाइंडरमध्ये तर दृश्य जवळपास आहे त्याच आकाराचं दिसतं, त्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहता येतं. ते एकदा अनुभवाच. डोळ्याकडची कडा धातूची आहे का तेही बघा, रबर नसेल तर चष्म्याच्या काचेवर ओरखडे पडतात.

चाळिशीवाल्यांना इथे चांगली बातमी आहे. ऑप्टिकल फाइंडरमधलं चित्र डोळ्याला लांबवर असल्यासारखं दिसतं, म्हणून ज्यांना लांबचं नीट दिसतं आणि फक्त वाचायला चष्मा लागतो, त्यांना इथे चष्माच नको. इलेक्ट्रॉनिकमध्ये बहुधा डायऑप्टरचं, म्हणजे डोळ्याच्या नंबराप्रमाणे जुळवायचं छोटं चाक असतं, ते फिरवून अक्षरं स्पष्ट करून घ्यायची.

घेताना, आणि घेतल्यावर

सेकंडहँड ऑप्टिकल फाइंडर मुंबईच्या चोर बाजारात किंवा फोर्टमधल्या बोरा बाजारात जुन्या कॅमेऱ्यांच्या गर्दीत कधी हाती लागतो. तो आभाळाकडे धरून आरपार पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी आहे. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हे अगदी नेहमीचं. ब्राइटलाइनचा असेल तर रेषा चारही बाजूंना सारख्या उजळ आहेत का बघा. आतला चंदेरी थर झिजला की एखादी बाजू गायब होते, आणि तो दुरुस्त करून देणारा मिळणं अवघड.

फाइंडर लावला की फ्लॅशची जागा गेली, हेही धरून चला. जीआर टू मध्ये अंगचा फ्लॅश होता, जीआर थ्रीमध्ये तो काढून टाकलाय. लग्नाच्या हॉलमध्ये दोन्हींतलं एकच निवडावं लागतं.

घरी आणल्यावर खिडकीच्या ग्रिलसमोर कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा, नसेल तर स्टुलावर पुस्तकं रचून. १ मीटरवरून फाइंडरमध्ये पाहून चौकटीच्या चार कडा कोणत्या गजांवर येतात ते कागदावर लिहा. मग फोटो काढा आणि स्क्रीनवर मोठा करून तेच गज शोधा. हेच ३ मीटरवर करा. बहुतेक फाइंडर फोटोपेक्षा थोडं कमी दाखवतात, म्हणजे फोटोत कडेला जरा जास्त येतं. तसं असेल तर उत्तमच, घरी कापता येतं. कमी येत असेल तर किती आणि कोणत्या बाजूला, हे त्या कागदावरून कळतं. हॉट शू लेन्सच्या बरोबर डोक्यावर नसेल तर डाव्या-उजव्या बाजूचा फरकही इथेच सापडतो.

शेवटचं काम दोन मिनिटांचं. फाइंडरचा पाय खाचेत सैल बसत असेल तर पायाच्या खालच्या बाजूला इन्सुलेशन टेपची बारीक पट्टी चिकटवा. गर्दीत, बसमधून उतरताना, बॅगेतून कॅमेरा ओढताना फाइंडर नकळत सरकून पडतो आणि तो पडल्याचं पुढचा फोटो काढताना कळतं. डब्यात ठेवताना सोबत ओल शोषणाऱ्या निळ्या सिलिका जेलची पुडी टाका, आणि पावसाळ्यात ती गुलाबी झाली की बदला.